परिशिष्ट ब : नो-हाऊ

करार एकूण छत्तीस पानांचा होता आणि त्यातल्या पस्तीस पानांवर कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता. छत्तिसावं पान कोरं होतं. त्यावर वर नुसतं लिहिलं होतं, 'परिशिष्ट ब : नो-हाऊ'. ते पान भरायचं काम माझ्याकडे आलं.

मी चेतन. मूळचा वाशिमचा, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. स्पर्धा परीक्षा द्यायला पुण्यात आलो. परीक्षांनी मला तीनदा बघितलं आणि नको म्हणाल्या. तेव्हापासून मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो. 'मिक्सर चालू असताना भांड्यात हात घालू नये' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते माझं असू शकतं.

प्रकरण असं होतं की मार्केट यार्डातल्या दिगंबरशेठची गुळाची पेढी बाणेरची एक कंपनी विकत घेणार होती. ही कंपनी पाकिटातून गुळाची पावडर विकते. तिचं नाव इंग्रजीत आहे, सगळी अक्षरं लहान आहेत आणि शेवटी एक टिंब आहे. ते टिंब का आहे असं विचारलं की ते मीटिंग लावतात. कंपनीला शेठचा गाळा हवा होता, वजनकाटे हवे होते, जुनं नाव हवं होतं, आणि या सगळ्याबरोबर नो-हाऊ हवं होतं.

"आपण नक्की काय विकतोय?" दिगंबरशेठनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

मी शब्दकोश बघूनच गेलो होतो. म्हणालो, एखादी गोष्ट पुस्तकात वाचून नव्हे तर प्रत्यक्ष करता येण्याचं ज्ञान, म्हणजे कसब, हातोटी, हुन्नर. करारातली व्याख्या आणखी लांब होती. जे व्यवहारात उपयोगी आहे, जे बाहेर कुणाला माहीत नाही, आणि जे 'कोणत्याही स्वरूपात' पेढीकडे आहे, ते सगळं. वापराचं म्हणाल तर हा शब्द बहुतेक वेळा 'आमच्याकडे' आणि 'आहे' या दोन शब्दांच्या मधे येतो, आणि जो असं म्हणतो तो ते काम स्वतः कधीच करत नसतो.

शेठनी विचार केला. "म्हणजे जे दत्तोबांना येतं आणि आपल्याला येत नाही, ते."

एवढी नेमकी व्याख्या मला चार शब्दकोशांत सापडली नव्हती.

दत्तोबा या पेढीचे पारखी. वय एकसष्ट, उंची बेताची, टोपी पांढरी, नजर त्याहून कोरडी. गुळाच्या धंद्यातली मुख्य भानगड अशी की गुऱ्हाळात काहीजण उसाच्या रसात स्वस्तातली साखर ढकलतात. गूळ दिसायला देखणा होतो, वजनाला भरतो, आणि तो गूळ नसतो. टेम्पो दारात लागला की दत्तोबा एक ढेप उतरवून घेत, खडा मोडत, तोंडात टाकत आणि हातानं खूण करत. हात वर, माल आत. हात आडवा, टेम्पो परत. बत्तीस वर्षांत पेढीनं मिसळलेला गूळ आत घेतला नव्हता. शेजारच्या गाळ्यांवर प्रयोगशाळेचे कागद लटकत असत. आमच्याकडे दत्तोबा बसलेले असत.

त्यांना माझं काम सांगितलं तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, जसं काही मला कुणीतरी टेम्पोतून उतरवलं होतं.

"लिहून झालं की म्होरं काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही मामा, कंपनीला कळेल तुम्ही कसं करता.

"आन् मग मी?"

 याचं उत्तर शेठची मुलगी प्रियदर्शनी हिच्याकडे होतं. सगळा व्यवहार तीच बघत होती. संध्याकाळी तिनं मला लॅपटॉपवर कंपनीची यादी दाखवली. करारानंतर ठेवायची माणसं अकरा. दत्तोबांचं नाव त्यात नव्हतं. नो-हाऊ कागदावर आलं की माणसाची गरज राहत नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि कागदावर आलं नाही तर करार होत नाही. तिला हे आवडलेलं नव्हतं, पण वडिलांना मधुमेह, रक्तदाब आणि गुळाची पेढी अशा तीन गोष्टी एकाच वेळी झेपत नव्हत्या आणि पहिल्या दोन विकता येत नव्हत्या.

"दत्तोबांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याकडे पाठ करून खडा मोडू लागले.

मी चिकाटीचा माणूस आहे. नऊ दिवस मी पोत्यांच्या आडून, खांबाच्या मागून आणि एकदा टेम्पोच्या टपावरून त्यांचं चित्रीकरण केलं. त्यातून एकेचाळीस पायऱ्या निघाल्या. पायरी चार, ढेपेला अंगठ्याच्या नखानं दाबणे. पायरी अकरा, खडा कानाजवळ धरून मोडणे. पायरी एकोणीस, जिभेच्या डाव्या बाजूला ठेवून ट्यूबलाइटकडे बघणे. पायरी तेवीस, माल आणणाऱ्याला 'जेवलास का' असं विचारणे; ही मी माणुसकी म्हणून ठेवली होती.

मग मी त्या पायऱ्या स्वतः करून पाहिल्या. गोदामातल्या पाच ढेपी घेतल्या, एकेचाळीसही पायऱ्या क्रमानं केल्या आणि पाचही पास केल्या. त्यातली एक ढेप प्लास्टर ऑफ पॅरिसची निघाली, प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी बनवून घेतलेली. तिला मी 'बरा, पण जरा कडक' असा शेरा दिला होता.

त्यानंतर गाळ्यात संशयाला ऊत आला. शेठना वाटलं दत्तोबा मुद्दाम खोट्या पायऱ्या करून दाखवतायत, आणि खऱ्या पायऱ्या घेऊन ते पलीकडच्या गाळ्याकडे जाणार. प्रियदर्शनीला वाटलं मला खऱ्या कळल्यायत आणि मी त्या दुसऱ्या कंपनीला विकणार. ती माझ्या बॅगेकडे बघून बोलू लागली. दत्तोबांना वाटत होतं की आम्ही तिघंही एक आहोत. आणि मला हळूहळू एक भयंकर शंका येऊ लागली होती. या माणसाला काही येतच नसलं तर? बत्तीस वर्षं हा नुसता हात वर आणि हात आडवा करत बसला असेल तर?

अकराव्या दिवशी चहा आला.

यार्डात चहा सुंदराबाई आणतात. त्या दिवशी त्यांच्या टपरीवर साखरेचा आणि मिठाचा डबा एकमेकांच्या जागी गेला होता. मी एक घोट घेतला आणि तो गुळाच्या पोत्यावर जाऊ नये म्हणून पळत बाहेर गेलो. दोन हमाल माझ्या आधीच बाहेर पोचले होते. शेठ बिनसाखरेचाच घेतात, त्यामुळे त्यांना पत्ता नव्हता. सुंदराबाई कपाळाला हात लावत भरलेले कप गोळा करत होत्या. शेठचा धरला नाही तर सगळे भरलेले होते. एक सोडून.

दत्तोबांनी पूर्ण कप संपवला होता. वर "अजून अर्धा द्या" म्हणाले होते.

सुंदराबाईंना वाटलं ते टोमणा मारतायत. पुण्यात हे वाटणं रास्त आहे. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते तोंड नुकताच बरा चहा प्यायलेल्या माणसाचं होतं.

दुपारी गाळ्याच्या मागे, रिकाम्या बारदानावर ते पाठ टेकून बसले होते. मी समोर जाऊन बसलो. प्रस्तावना सुचेना.

"मामा, चव कधीपासून नाही?"

 त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"कोरोनात गेली. समद्यांची परत आली. माझी न्हाय आली."

"वास?"

"त्यो पन गेला."

पाच वर्षं. पाच वर्षं पुणे शहरातल्या एका मोठ्या पेढीचा गूळ असा माणूस पास करत होता, ज्याला गूळ आणि प्लास्टर यातला फरक माझ्याइतकाच कळत होता. आणि या पाच वर्षांत एकही ढेप चुकली नव्हती. मी विचारलं शेठना माहीत आहे का. ते म्हणाले, तुला कळलं हेच लय झालं, आता लिही आन् मला घरी घालव. घरी काय आहे असं विचारलं तर म्हणाले टीव्ही आहे. हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक दुखणी सांगतात.

मग मी पुढचा प्रश्न विचारला. चव नाही, वास नाही, तर कळतं कसं?

"गुळाला इचारून काय उपेग? गूळ बोलतो का?" ते म्हणाले. "आननारा बोलतो."

त्यांनी मग सांगितलं ते मी त्या दिवशी लिहून घेतलं नाही, पण विसरलोही नाही. ज्याचा माल चोख आहे तो ढेप मोडताना ढेपेकडे बघतो. त्याला आपल्या मालाची काळजी असते. ज्यानं मिसळलंय तो दत्तोबांकडे बघतो. आणि जेवलास का असं विचारलं की चोख माणूस हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. मिसळणारा काय काय जेवला ते सांगतो. भाकरी किती, कालवण कशाचं, ठेचा कुणी वाटला. त्याला वाटतं आपल्या तोंडून काहीतरी खरं निघावं.

म्हणजे पायरी तेवीस. बाकीच्या चाळीस पायऱ्या खडा तोंडात घोळवायला होत्या, तेवढ्या वेळात त्यांना माणूस बघता यायचा.

हे कळल्यावर माझं जगणं अवघड झालं. त्या रात्री खोलीतल्या सोबत्यानं मला, मी न विचारता, मेसमध्ये वांगं, आमटी आणि अर्धी पोळी जास्त मिळाल्याचं सांगितलं. मी माझं कपाट तपासलं. चार्जर नव्हता.

पण परिशिष्टाचं काय करायचं? खरं लिहिलं तर पहिल्याच ओळीत जीभ गेल्याचं येणार आणि दत्तोबा जाणार. एकेचाळीस पायऱ्या लिहिल्या तर कंपनीचं पाकीट प्लास्टरनं भरणार, आणि दत्तोबा तरीही जाणार. आणि काहीच लिहिलं नाही तर करार मोडणार. मी तीन दिवस ताप आल्याचं कळवलं.

चौथ्या दिवशी प्रियदर्शनीचा फोन आला की तापासकट ये. कंपनीलाही आता शंका आली होती, अगदी माझ्यासारखीच: इथे नो-हाऊ मुळात आहे का? त्यांचा तेजस नावाचा गुणवत्ता अधिकारी परीक्षा घ्यायला येत होता. दहा थाळ्या, दहा नमुने, त्यातले चार साखर मिसळलेले. कुठले चार ते फक्त तेजसला ठाऊक, आणि पुरावा म्हणून त्याच्याकडच्या बंद पाकिटात, प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह. दत्तोबांनी ओळखायचे. चुकले तर नो-हाऊचं पान फाडून पेढीची किंमत कमी करायची आणि दत्तोबांना त्याच दिवशी नारळ द्यायचा.

"टेम्पोवाले येनार का संगट?" दत्तोबांनी मला हळूच विचारलं.

"नाही मामा. नुसता गूळ."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला दिसला.

तेजस आला. तरुण, फूड टेक्नॉलॉजी शिकलेला, हातांत घातलेले पांढरे मोजे. त्यानं टेबलावर थाळ्या मांडल्या, नंबराच्या चिठ्ठ्या लावल्या आणि बाजूला होऊन फोन काढला. शेठ, प्रियदर्शनी, सगळे हमाल आणि शेजारचे तीन व्यापारी गोळा झाले होते. दत्तोबा टेबलापाशी उभे राहिले, थाळ्यांकडे बघितलं, आणि मग तेजसकडे बघितलं. मला ते बघणं माहीत होतं.

"ज्यानं मांडलं त्यानं म्होरं बसायचं," ते म्हणाले. "फोन खिशात."

तेजस म्हणाला असा नियम नाही. शेठ म्हणाले, बसा हो, इथे खुर्चीचं भाडं नाही. तेजस बसला.

पहिली थाळी. नख, खडा, कान, जीभ, ट्यूबलाइट.

"जेवलात का साहेब?"

"हो," तेजस म्हणाला. हात वर.

दुसऱ्या थाळीला दत्तोबांनी विचारलं गाडी कुठं लावली, तेजस म्हणाला बाहेर. हात वर. तिसऱ्या थाळीला त्यांनी सकाळी काय न्याहारी झाली असं विचारलं. तेजस म्हणाला ओट्स. मग म्हणाला ओट्समध्ये सब्जा, आणि सहा बदाम, रात्री भिजवलेले, सालं काढून. हात आडवा. चौथ्याला त्याच्या मोज्यांचं कापड विचारलं. मला वाटत होतं की सगळ्यांना हे दिसतंय, पण सगळे दत्तोबांच्या जिभेकडे बघत होते. एक व्यापारी तर स्वतःची जीभ आतल्या आत तशीच वळवून बघत होता.

सातव्या थाळीला दत्तोबांनी काहीच विचारलं नाही. नुसता खडा तोंडात ठेवला. तेजसनं आपणहून सांगितलं की त्याचा भाऊ कोथरूडला राहतो आणि त्याच्याकडे मांजर आहे. हात आडवा.

दहा संपल्या. दत्तोबांनी पाच बाजूला काढल्या होत्या.

तेजसनं पाकीट फोडलं, वाचलं आणि त्याला बरं वाटलं. चार बरोबर होत्या. पण सात नंबर अहवालात शुद्ध होता. म्हणजे एक चूक. प्रियदर्शनीनं माझ्याकडे बघितलं. शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दत्तोबा तेजसकडेच बघत होते.

"सात नंबर कुठला?" ते म्हणाले.

"लॅबमधून आलेला."

"तो न्हाय. हा."

 तेजसच्या कानापर्यंत रंग चढला. मग तो हळू आवाजात बोलला. सात नंबरच्या डब्याला काल मुंग्या लागल्या होत्या. साहेब रागावतील म्हणून त्यानं येताना रस्त्यातल्या एका किराणा दुकानातून अर्धा किलो गूळ घेतला आणि सात नंबरची चिठ्ठी लावली. त्याची तपासणी कुणीच केलेली नव्हती. त्याच दिवशी दुपारी प्रियदर्शनीनं तो खडा तपासायला पाठवला. दोन दिवसांनी अहवाल आला. निम्मी साखर.

पण शेजारच्या एका व्यापाऱ्यानं अहवालाची वाट न बघता, परीक्षेच्या टेबलापाशीच दत्तोबांच्या पायाला हात लावला होता. आणि दुसऱ्याच दिवशी यार्डभर झालं होतं की दत्तोबांची जीभ किराणा दुकानापर्यंत ओळखते.

यामुळे भलं झालं असं वाटेल, पण झालं उलटंच. आता कंपनीला खात्री पटली होती की नो-हाऊ आहे, खरं आहे, आणि म्हणून ते ताबडतोब कागदावर हवं. प्रियदर्शनीनं मला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली आणि माझी बॅग स्वतःच्या टेबलाखाली ठेवून घेतली.

मी छत्तिसावं पान पुढे ओढलं. करारातली व्याख्या पुन्हा वाचली. उपयोगी आहे, बाहेर कुणाला माहीत नाही, आणि 'कोणत्याही स्वरूपात' पेढीकडे आहे. मग मी लिहिलं:

'नो-हाऊ : श्री. दत्तोबा. नग एक. स्वरूप : पाच फूट तीन इंच. हे नो-हाऊ गाळ्यातून हलवल्यास, बदलल्यास किंवा घरी पाठवल्यास निकामी होते. करारानंतर पाच वर्षे चालू स्थितीत ठेवणे खरेदीदारावर बंधनकारक. ओलाव्यापासून जपावे.'

शेवटचं वाक्य सवयीनं आलं.

प्रियदर्शनीनं ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता बॅग मिळणार नाही. ती म्हणाली, "हे खोटं आहे का?" मी म्हटलं, नाही, शोधलंत तर यात एकही खोटं अक्षर सापडणार नाही. तिनं आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच तिनं विचारलं नाही.

कंपनीच्या वकिलांनी पान चार दिवस ठेवून घेतलं. त्यांचा संशय फक्त एका मुद्द्यावर होता: हे नो-हाऊ आधी कुणाच्या नावावर नोंदलेलं तर नाही? आम्ही आधार कार्डाची प्रत पाठवली. त्यांनी सही केली.

महिन्याभरानं तेजस मालमत्तेवर नंबराच्या पट्ट्या चिकटवायला आला. काट्यांना लावल्या, पंख्यांना लावल्या, आणि दत्तोबांपाशी येऊन खाली मान घालून थांबला. परीक्षेपासून तो त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही. दत्तोबांनी खिसा पुढे केला. त्यावर त्यानं चौदा नंबर चिकटवला.

मला वाटलं ते आता निश्चिंत होतील. पण ते माझ्याजवळ आले आणि पट्टीच्या खालची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली. 'पुढील तपासणी : मार्च.' हे काय म्हणून विचारलं. मला सांगावं लागलं की कंपनी प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तपासते, काट्यांचं वजन, पंख्यांची वायरिंग, आणि त्यांच्या बाबतीत बहुधा नाक-कान-घशाचा डॉक्टर पाठवतील, जीभ बघायला. मी म्हटलं, मामा, मार्चपर्यंत काहीतरी सुचेल, मी विचार करतोय.

त्यांनी पट्टीवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं.

"मशीन लावनार का मानूस येनार?"

"माणूस येणार, मामा. डॉक्टर."

"मग येऊ दे," दत्तोबा म्हणाले, आणि दारात टेम्पो लागला होता म्हणून टोपी नीट करून तिकडे गेले.